घोंगडीला जामीन कोण?

एका डोंगरी संस्थानात गडाच्या पहारेकऱ्यांसाठी घोंगड्या हव्या होत्या. मक्ता दरसाल एकाच बड्या व्यापाऱ्याला मिळे, कारण दिवाण नारोपंतांची अट होती की मालाला वजनदार माणूस जामीन हवा. तो घोंगड्या विणणाऱ्या सनगरांना कवडीमोल भाव देई; यंदाही मक्ता हुकला तर त्यांना माग मोडून मजुरीला जावं लागणार होतं. म्हणून म्हाकूबाई सनगरीण स्वतःच दरबारात उभी राहिली.

"जामीन कोण?" नारोपंतांनी विचारलं.

"सांगते. पण पंत, एवढ्या गारठ्यात तुम्ही कुडकुडत कसे नाही?"

"ही घोंगडी आहे ना! व्यापाऱ्यानं दिली. दोन हिवाळे झाले, धागा सुटला नाही."

"त्यानं दिली, पण विणली मी. काठ माझ्या हातचा आहे. मालाची ग्वाही तुम्हीच दिलीत, आता याहून वजनदार जामीन कुठून आणू? माल खोटा वाटत असेल तर आत्ता काढून टाका."

दरबार पंतांकडे बघू लागला. पंतांचा हात खांद्यापर्यंत गेला आणि घोंगडी आणखी घट्ट ओढून खाली आला.

राजेसाहेब हसले. "मक्ता सनगरांना. जामीन नारोपंत."

माल वेळेवर गडावर पोचला. जामीन राहिल्याचा पस्तावा पंतांना कधी झाला नाही.