नावाच्या जागी पाणी

खडकेवठारला निघाले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एक समाधी होती. हैबतबुवांसारख्या बंदिशकाराच्या गावी निदान एक चौथरा, त्यावर कोरलेला तंबोरा आणि नावाची पाटी असणारच, असे मी रॉटरडॅमला हिंदुस्थानी गाणे शिकत असल्यापासून धरून चालले होते. गावात पाटी नव्हती. होते ते दगडी बांधाचे एक मोठे तळे आणि त्याच्या मोरीतून खालच्या शेतांकडे पडणारे पाणी.

"बुवांचं काय दाखवू, ताई? हेच की. हे तळं," सातप्पा गुरव म्हणाले. देवळातला पखवाज त्यांच्याकडे असतो आणि आल्यागेल्याला गाव दाखवतात तेही तेच. तिथेच बांधावर बसून त्यांनी सांगितले ते असे.

हैबतबुवा याच गावचे. लहानपणी एका गोसाव्यामागे उत्तरेला गेले, तिकडे गाणे शिकले आणि परत येऊन संस्थानात गवई झाले. गात तर ते चांगलेच, पण चीज, म्हणजे बंदिश, बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. होळी आली, नवी चीज. राजपुत्राचे बारसे, नवी चीज. अंतऱ्याच्या शेवटी बांधणारा आपले नाव गुंफतो, तसे प्रत्येक चीजेत 'हैबत' येई. बुवांना मूलबाळ नव्हते. माझ्यामागे हे नावच गात राहील, असे ते म्हणत म्हणे.

गावाला मात्र पाणी नव्हते. बायका डोंगरापलीकडून घागरी आणत. एका उन्हाळ्यात बुवांची बहीण त्या वाटेवर चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही. बुवांनी राजेसाहेबांकडे तळे मागितले. राजेसाहेबांना गाण्याचा भारी शौक, पण स्वतःला एक चीज बांधता येत नसे. ते म्हणाले, तळे देतो. तुमच्या सगळ्या चीजांत तुमच्या नावाच्या जागी माझे नाव घाला, आणि पुन्हा कधी आपले घालू नका.

बुवांनी विचाराला मुदतही मागितली नाही, असे सांगतात. शिष्यांना बोलावून त्यांनी एकेक चीज 'रसिकराज' या राजेसाहेबांनी घेतलेल्या नावाने पुन्हा पाठ करून घेतली. हे लांब नाव त्या छोट्या जागेत दाटीवाटीने बसते, हे मलाही गाताना खटकायचे. माझा सगळा शोध तिथूनच सुरू झाला होता.

तळे भरले. राजेसाहेब लवाजम्यासह आले, बांधावर बैठक मांडली गेली. बुवा गाऊ लागले. अंतरा आला, नावाची जागा आली, आणि बुवा गप्प झाले. पखवाज चालूच राहिला. त्या मोकळ्या जागेत मोरीतले पाणी तेवढे ऐकू आले. मग बुवांनी सम बरोबर गाठली.

"आमचं नाव का नाही घेतलं?" राजेसाहेबांनी विचारले.

"इथं पाणी घेतंय, सरकार."

राजेसाहेब खूश झाले म्हणे.

"खूश कसले?" सातप्पांची धाकटी बहीण काशव्वा पायरीवर धुणे आपटत होती, तिथूनच ओरडली. "तोंडावर मारलं त्याच्या, आनि त्यानं आहेर समजून घेतला!"

"तू हुतीस का गं तिथं?"

"मग तू हुतास?"

आजही तळे भरल्याच्या तिथीला बांधावर बुवांची चीज म्हणतात. नावाची जागा आली की गाणारा थांबतो; पखवाज थांबत नाही. बाहेर सगळीकडे 'रसिकराज' गातात, इथे कोणी गात नाही.

तिथी दुसऱ्याच दिवशी होती आणि या वेळी गायला मला सांगितले होते. बुवांच्या चीजांचे, स्वरलिपीसह, माझे पुस्तकही छपाईला गेले होते. त्यात प्रत्येक ठिकाणी मी 'हैबत' परत घातले होते. मी म्हणाले, "अण्णा, राजा गेला, संस्थान गेलं. उद्या मी बुवांचं स्वतःचं नाव गायले तर? त्यांच्यावरचा अन्याय कुणीतरी दूर करायला नको?"

सातप्पांनी पाण्याकडे हात केला. "राजा गेला. तळं कुठं गेलंय? बुवांनी शब्द देऊन घेतलंय ते, आनि आम्ही अजून पितोय. पानी प्यायचं आनि शब्द मोडायचा, हे कसं जमायचं, ताई?"

"पण मग त्यांचं नाव?"

"गान्यात घ्यायचं न्हाई, एवढंच हाय," काशव्वा पिळा झटकत म्हणाली. "सांगायला कुनी अडवलंय? मगाधरनं सांगतोयच की तुला. आता गळा तुझा हाय पोरी, कसंबी गा."

सकाळी बांधावर जाण्याआधी मी प्रकाशकांना फोन लावला. सगळ्या चीजांतले 'हैबत' काढा, मी म्हणाले, आणि 'रसिकराज'ही नको. ती जागा कोरी ठेवा.

"अहो, लोकांना छपाईची चूक वाटेल."

"वाटू दे," मी म्हणाले. "मात्रा तेवढ्या पूर्ण ठेवा."