काहीच न वाढणारं राज्य

"महाराज म्हणे सुभद्राकाकूंच्या घरातलं अर्धं..."

एवढं बोलून पाणवठ्यावरच्या बाईने घागर डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली. उरलेलं वाक्य तिच्याबरोबर गेलं. तान्हीबाईच्या हातातलं लुगडं दगडावर आपटायचं राहून गेलं. अर्धं काय? अर्धं घर? अर्धं अंगण? सुभद्राकाकू तिच्या शेजारीण. दोन घरांच्या मध्ये गुडघाभर उंचीचा दगडी गडगा, बस्स. काकूंच्या घरातलं मीठ संपलं तरी तान्हीबाईला काकूंच्या आधी कळायचं. आणि एवढी मोठी गोष्ट तिला पाणवठ्यावर कळावी, तीही अर्धी?

पिळे टोपलीत टाकून ती तडक काकूंच्या ओटीवर गेली. काकू डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

"घर विकलंत ते मला ठाऊक आहे. शेठजींनी विसार दिला तेव्हा मी खिडकीतच होते," तान्हीबाई म्हणाली. "पुढचं सांगा."

पुढचं वाईट होतं. काकूंचा दामोदर मस्कतला गलबतांची शिडं शिवायचा आणि दुसऱ्याच्या वखारीत झोपायचा. घराचे पैसे आले की तिथे दोन खोल्या घेऊन आईला नेणार होता. पण शिंपेबंदरच्या राजाचा कायदा असा, की घर विकून राज्यातच दुसरं घेतलं तर काही देणं नाही. परमुलखात जाण्यासाठी घर विकलं, तर किमतीत झालेल्या वाढीतला निम्मा वाटा राजाचा.

"आजेसासऱ्यांनी शंभर रुपयांना घेतलं होतं गं," काकू म्हणाल्या. "आता हजाराला गेलं. कारभारी म्हणतात, मधल्या वाढीतलं निम्मं टाका. उरेल त्यात तिथे खोली मिळत नाही, आणि इथलं घर तर गेलंच."

"वाढ? छप्पर हातभर खाली आलंय तुमचं!"

हेच वाक्य तान्हीबाईने त्याच दुपारी राजवाड्यात जाऊन राजालाही ऐकवलं. राजा भैरवराव मनाने वाईट नव्हता, हट्टी होता. हट्ट त्याला वाडवडलांकडून मिळाला होता, आणि त्यावर कर नव्हता.

"घर वाढलंय," राजा म्हणाला.

"कुठल्या बाजूने, महाराज?"

कारभाऱ्यांना खोकला आला. राजाने भुवई चढवली. "फार बोलतेस. बरं, उद्या भर दरबारात माझ्याच तोंडून वदव, की वाढ झालेली नाही. वदवलंस तर कर माफ. नाही जमलं, तर काकूंचे पैसे जातील आणि राजवाड्याच्या दारातली तुझी अंबोळ्यांची चूलही उठेल."

राजाकडून एखादी गोष्ट कबूल करून घेणं एक वेळ जमलं असतं. पण बोललेला शब्द मागे घ्यायला लावणं त्याच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

तान्हीबाई चुलीपाशी येऊन बसली. लाडोजी पहारेकरी भाला भिंतीला टेकवून खायला आलाच होता.

"लाडोजी, दर दसऱ्याला पगार वाढवून मागता ना तुम्ही? महाराज काय म्हणतात?"

"दरवर्षी तेच. मला पाठ झालंय."

"उद्या परत मागा."

"दसरा लांब आहे बाई."

"अंबोळी जवळ आहे," म्हणत तिने त्याच्या पानात आणखी एक वाढली.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. तान्हीबाईचं नाव पुकारायच्या आधीच लाडोजी पुढे झाला.

"महाराज, माझ्या आजोबांना जेवढा पगार होता तेवढाच मला आहे. बाजारात सगळंच वाढलंय. थोडं वाढवून मिळावं."

राजाने श्वासही घेतला नाही. "काय वाढलंय? रुपया तोच, त्यावरचा छाप तोच. आजोबांच्या काळापासून माझ्या राज्यात कशाचीही किंमत वाढलेली नाही. चला, पुढे कोण आहे?"

"मी आहे पुढे," तान्हीबाई म्हणाली. "पण माझं काम झालं, महाराज."

आधी उमगलं ते कारभाऱ्यांना. ते पागोट्याच्या टोकाने घाम पुसू लागले.

"महाराजांचं म्हणणं पगारापुरतं होतं," ते घाईघाईने म्हणाले. "घराची किंमत वाढलीच आहे."

"तसं म्हणा हवं तर. काकू निम्मं आणून देतील," तान्हीबाई म्हणाली. "पण मग लाडोजींच्या आजोबांपासून सगळ्या पहारेकऱ्यांची वाढ तुंबलीय. ती आजच देऊन टाका."

दारावरचे सगळे भालेकरी एकदम ताठ उभे राहिले.

राजाने त्यांच्याकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं, आणि मग तो असा हसत सुटला की शिरपेच कानावर आला. "माफ! कर माफ! लाडोजी, हे चांदीचं कडं घे. नीट ऐक, हे बक्षीस आहे, वाढ नव्हे. वाढ दिली तर मला पुन्हा काकूंच्या दारात जावं लागेल. आणि बाई, तुला काय हवं?"

तान्हीबाईचं उत्तर तयार होतं. "नवे शेठजी आमच्या मधला गडगा पुरुषभर उंच करणार आहेत. या राज्यात काहीच वाढत नाही, तर गडग्यानेच का वाढावं?"

"त्याने तुझं काय बिघडतं?"

"दिसायचं बंद होतं, महाराज."

राजा दुसऱ्यांदा हसला. गडगा गुडघाभरच राहावा, असा हुकूम सुटला, आणि वर तान्हीबाईला हिरवंगार लुगडं मिळालं.

गलबतात बसायच्या आदल्या दिवशी काकूंनी अंगणातला सगळ्यात मोठा फणस उतरवला. हाताला तेल लावून फोडला. अर्धा गडग्यावरून तान्हीबाईला दिला. उरलेला अर्धा केळीच्या पानात झाकून राजवाड्यावर पाठवला. राजाने तो एकट्याने खाल्ला म्हणतात. कारभाऱ्यांना नुसता वास.

काकूंचं गलबत दिसेनासं होईपर्यंत तान्हीबाई धक्क्यावर उभी होती. मग नवं लुगडं नेसून पाणवठ्यावर गेली. ती बाई तिथेच होती.

"तुझी बातमी अगदीच खोटी नव्हती हो," तान्हीबाई घागर भरता भरता म्हणाली. "सुभद्राकाकूंच्या घरातलं अर्धं महाराजांनी घेतलंच."

"अर्धं काय?"

तान्हीबाईने घागर डोक्यावर घेतली आणि ती चालू लागली.