एकोणसाठ पदरांचा हार

एका राज्यात, जिथे शेवटचं पान वाढून झाल्याखेरीज राजा घास उचलीत नसे, एकदा पानं कमी पडली आणि एकच माणूस उभा राहिला. तो नेमका मांत्रिक कालकूप! राजा हिरण्यसेनाला भूक अनावर झाली होती. "एकाने काय अडतंय?" म्हणत त्याने घास उचलला. राजेच ते; जीभ आधी आणि विचार मागून.

कालकूपाने चिमूटभर राख फुंकली. पंगतीतली तीस हजार एकतीस माणसं बसल्या जागी मोती झाली. राजा आणि त्याचे तीन पंडित तेवढे माणूस राहिले.

"राजा, या सगळ्यांचा हार कर," कालकूप म्हणाला. "प्रत्येक पदरात सारखे मोती हवेत. एकपदरी चालायचा नाही, पदरात एकेकटा मोतीही चालायचा नाही. तिसऱ्या पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत न जमलं, तर या मोत्यांचा चुना होईल." एवढं बोलून तो गेला. मागे त्याचा राघू तेवढा राहिला.

पहिल्या पंडिताने दोन पदर करून पाहिले, तीन करून पाहिले. एक मोती उरला. दुसऱ्याने पाच केले, सात केले, एक उरला. तिसऱ्याने अकरा केले, तेरा केले, पुन्हा एकच. दोनांना जे जमलं नाही ते चारांना कुठून जमणार, म्हणून मधल्या संख्या कोणी धरल्याच नाहीत. "ही संख्या अभंग आहे, कशानेच भागायची नाही," असा निवाडा देऊन पंडितांनी पोथ्या बांधल्या.

राघू म्हणाला, "एक मोती फेका. बाकीचे आत्ता उठतील."

राजाने उरलेला मोती उचलला. तेवढ्यात गावाबाहेरची गौराक्का पटवेकरीण आत आली. जन्मभर तिने दागिने ओवले होते, आणि तिची लेक शेवंता त्या दिवशी पंगतीत पाणी वाढत होती.

"थांबा, महाराज. माझी शेवंता यात आहे."

"हाच मोती तिचा कशावरून?"

"तिचा नसला तर दुसऱ्या कुणाच्या लेकराचा असेल. आम्हा पटवेकऱ्यांत मोती उरला तर मोती टाकत नाहीत, पदर बदलतात."

राजाचा हात खाली आला. "तेरापर्यंत झालं, बाई. आता पुढे काय?"

"पुढे सतरा आहेत, महाराज."

ती धूळपाटी घेऊन बसली. सतरांनी भागलं, नऊ उरले. पंडित हसले, "एकाचे नऊ केलेत!" पण गौराक्काला आनंद झाला. "दर खेपेला एकच उरायचा, तो मांत्रिकाने घातलेला तिढा होता. तो तेरापाशीच संपला," ती म्हणाली. एकोणिसांना अकरा उरले, तेविसांना सोळा. राघू दुसऱ्यांदा म्हणाला, "एक फेका." सत्तेचाळिसांना पंचेचाळीस उरले तेव्हा मात्र ती ढसाढसा रडली. मग तिने डोळे पुसले आणि धूळ पुन्हा सारखी केली.

तिसऱ्या पौर्णिमेची सकाळ उजाडली. त्रेपन्नांना तेहेतीस उरले. "एक फेका!" राघू तिसऱ्यांदा ओरडला. गौराक्काने वरही पाहिलं नाही. तिने एकोणसाठांनी भागलं. भाग लागला पाचशे नऊंचा आणि खाली काहीच उरलं नाही. तिने तीनदा ताडून पाहिलं.

"महाराज, रेशीम द्या," ती म्हणाली.

राजा ओवायला बसला, पंडितही बसले. दिवस कलताना एकोणसाठाव्या पदराची गाठ बसली आणि एकोणसाठ रांगांत माणसं उभी राहिली. शेवंताच्या हातात तांब्या तसाच होता. "आई, अजून निम्मी पंगत राहिलीय गं," ती म्हणाली. गौराक्काने तिला तांब्यासकट मिठी मारली.

कालकूप दारात आला. राजाने स्वतःच्या हाताने पान मांडलं आणि म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही उरला नव्हतात. मी मोजायचं थांबलो होतो. बसा." मांत्रिक बसला. त्याने पहिला घास घेईपर्यंत राजा उभा राहिला.

तेव्हापासून त्या राज्यात पंगतीचं पहिलं पान अजून न आलेल्या माणसासाठी मांडतात.