चार बोटं जागा

एका तळ्याकाठी वसलेल्या नगरात एक चित्रशाळा होती आणि ती सांभाळणारी एक बाई होती. किल्ल्या तिच्याकडे, झाडलोट तिची, चित्रं टांगायचे खिळेही तीच ठोकायची. सगळं नगर तिला कारभारीणबाई म्हणायचं.

या नगरात चित्रकार पुष्कळ आणि कवी त्याहून पुष्कळ, पण दोघांमध्ये विळ्या-भोपळ्याचं सख्य. चित्रकार म्हणायचे, "कवींना काय, नुसती तोंडाची वाफ दवडायची." कवी म्हणायचे, "चित्रकार म्हणजे भिंती रंगवणाऱ्यांचे भाऊबंद, फक्त यांची भिंत लहान." ही कुरबुर ऐकून ऐकून कारभारणीचे कान किटले. शेवटी तिनं दवंडी पिटवली. एक चित्रकार, एक कवी, अशा जोड्या लावायच्या. दोघांनी एकत्र बसून काम करायचं. मग एकाच चौकटीत वर चित्र आणि खाली कविता, असं प्रदर्शन तळ्याच्या उत्सवाला भरवायचं. बघायला खुद्द राजा येणार होता.

जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, म्हणजे कुणाला रुसायला जागा नको. तरी रुसणारे रुसलेच. दरबारी कवीच्या वाट्याला फक्त मांजरं रंगवणारा चित्रकार आला, तेव्हा तो तीन वेळा चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिला. एका म्हाताऱ्या चित्रकर्तीला मिळाला तळ्याच्या पलीकडच्या काठावर राहणारा एक तरुण, तापट कवी. पहिल्या दिवशी दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी भांडली. तिसऱ्या दिवशी म्हातारीनं त्याला भाकरी वाढली आणि त्यानंतर दोघांचं असं जमलं, की कारभारणीला वाटलं, आपले सगळे कष्ट फळाला आले.

आता प्रश्न होता चौकटींचा. एवढ्या चौकटी आणायच्या कुठून? तेव्हा नगरशेठ पुढे झाले. "चौकटी माझ्याकडून," ते म्हणाले. "सगळ्या एकसारख्या, शिसवी, नक्षीच्या. कलेची सेवा आहे ही, बाई!"

हे शेठ कोण, ते सांगायला हवं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर यांनी फुलबाग केली होती. बागेसाठी काठाला कुंपण घातलं होतं आणि त्या कुंपणात तिकडच्या लोकांचा घाट गेला होता. पाणी डोळ्यांसमोर, पण ते भरायला तिकडच्या बायांना अख्ख्या तळ्याला वळसा घालून अलीकडच्या घाटावर यावं लागे. नगरात हे कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना होतं. पण सगळे मूग गिळून बसले होते. आणि राजा? राजाचा महाल अलीकडे. तो रोज सकाळी गच्चीवरून तळं बघायचा आणि म्हणायचा, "वा!"

उत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी चौकटी मांडून ठेवल्या होत्या. शेठ त्या बघत बघत फिरले आणि म्हातारीच्या चौकटीपाशी थांबले. चित्रात अलीकडचा घाट होता. घागरी घेतलेल्या बाया होत्या आणि अगदी खाली, पाण्यात, देवळाच्या कळसांची थरथरती प्रतिबिंबं. ते पाणी बघून हात बुडवावासा वाटे. त्याखाली कविता होती:

आमचं तळं निळं निळं, काठोकाठ पाणी,
घागरीच्या तालावर सकाळ गाते गाणी.
अलीकडच्या घाटावर बांगड्या वाजती,
पाण्यामध्ये देवळाचे कळस डोलती.
पलीकडच्या काठावरही होती एक वाट,
कुंपण आलं, बंद झाला आयाबायांचा घाट.
दारातून दिसतं पाणी, घागर राही रिती,
सांगा कुणी, तळं आपलं, आपलं म्हणजे किती?

शेठनी कविता वाचली. पुन्हा वाचली. मग गोड हसले. "फार सुंदर. फक्त जरा लांब झालीय. चौकटीत कशी कोंबल्यासारखी दिसते बघा. वरच्या चार ओळी ठेवा, बाई. खालच्या काढून टाका. सुटसुटीत दिसेल."

कारभारीण काय ते समजली. शेजारच्याच चौकटीत दरबारी कवीनं शेठच्या दानशूरपणावर वीस ओळी लिहिल्या होत्या. मांजराच्या चित्राखाली! अक्षरं मोहरीएवढी, वाचताना डोळे फुटावेत. त्या वीस ओळी शेठना लांब वाटल्या नव्हत्या. हे सगळं तिला दिसत होतं. तरी ती म्हणाली, "बरं, शेठजी."

का म्हणाली? चौकटी शेठच्या, राजा उद्या येणार, एवढी वर्षं जे मनात घोळवलं ते उद्यावर आलेलं. एका कवितेपायी सगळं कशाला मोडायचं, असं तिनं स्वतःला समजावलं. माणूस चुकीचं करायला निघाला की त्याला असली समजूत कशी चटकन सापडते!

तिनं कवीला बोलावून सांगितलं. "चौकटीत जागा नाही, खालच्या चार ओळी काढाव्या लागतील."

"जागा नाही?" तो म्हणाला. "त्या मांजराखाली वीस ओळी मावल्या, त्या कशा?"

"त्या बारीक अक्षरात आहेत."

"मग माझ्याही बारीक लिहितो."

"बारीक अक्षर बरं दिसत नाही," ती म्हणाली आणि आपण काय बोललो ते कळून तिचं तिलाच कसंसं झालं.

"बाई, माझी आई रोज दोन घागरी घेऊन या तळ्याला वळसा घालते," कवी म्हणाला. "त्या चार ओळी काढल्या की उरतं काय? तळं छान आहे, एवढंच! उद्या राजा ते वाचणार, मान डोलावणार आणि तुमच्या शेठना शाल देणार. माझ्या कवितेवरून देणार! त्यापेक्षा माझी कविता चुलीत घाला."

तो पाय आपटत निघून गेला. कारभारणीनं खालच्या चार ओळी कापल्या. कागदच तो, किती वेळ लागणार? काठ नीट सरळ केला, चौकट पुसली. वरवर बघणाऱ्याला काही झाल्याचा पत्ताही लागला नसता.

घटकाभरानं म्हातारी आली. कवी तिला वाटेत भेटला होता. ती चौकटीपुढे उभी राहिली, कविता वाचली आणि शांतपणे विचारलं, "किती जागा कमी पडत होती गं?"

"चार बोटं असेल, आजी," कारभारीण खाली मान घालून म्हणाली.

"बस? चारच बोटं?" म्हातारीनं चित्र चौकटीतून काढलं, जमिनीवर पसरलं आणि कनवटीची कात्री काढून चित्राला खालच्या बाजूनं लावली. कचकच आवाज झाला. ते थरथरतं पाणी, ते कळस, सगळी पट्टीच्या पट्टी वेगळी झाली.

"आजी!" कारभारीण किंचाळली. "अहो, काय करताय! एवढं सुंदर चित्र! हात कसा धजावला तुमचा?"

म्हातारीनं मान वर केली. तिचे डोळे नुसते पेटले होते.

"ओरडतेस होय? आता ओरडतेस? मघाशी त्याची कविता कापताना ओरडली होतीस का? कापड फाटलं की तुमच्या काळजाला भोक पडतं आणि कुणाचं बोलणं अर्ध्यावर तोडलं की तुम्ही त्याला सुटसुटीत म्हणता! जोडी तूच लावलीस ना आमची? मग जागा कमी पडली तेव्हा मला का नाही विचारलंस? घे, झाली आता चार बोटं जागा. आण त्याच्या ओळी."

कारभारणीला शेठचा राग आला, दरबारी कवीचा आला, सगळ्या मुक्या नगराचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो स्वतःच्या हातांचा. तिनं कापलेल्या ओळी शोधल्या आणि पुन्हा जागच्या जागी चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले. चौकट बघून त्यांचं हसू मावळलं. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"जागा नाही म्हणालात, शेठजी. जागा केली. आता आठही ओळी बसतात."

"ही चौकट उतरवा."

"नाही उतरवणार."

"चौकटी माझ्या आहेत, विसरलात वाटतं!"

"तुमच्याच आहेत. घेऊन जा."

शेठना वाटलं होतं, बाई पाया पडेल. ती हलली नाही. तेव्हा शेठच्या गड्यांनी एकूण एक चौकट उतरवली, चित्रं आणि कविता काढून जमिनीवर टाकल्या आणि चौकटी गाडीत भरल्या. कलेची सेवा गाडीत बसून घरी गेली.

चित्रकार आणि कवी गोळा झाले, ते कारभारणीवरच तुटून पडले. "एका माणसापायी सगळ्यांचं वाटोळं केलंत!" शेठला कुणीच काही म्हणालं नाही. शेठ समोरच उभे होते ना!

"पुरे!" कारभारीण कडाडली. "चौकटी गेल्या, हात तर नाही गेले? कवींनी आपापल्या चित्रकाराचं चित्र धरा. चित्रकारांनी आपापल्या कवीची कविता धरा. आणि उभे राहा भिंतीला लागून. ज्याला लाज वाटते त्यानं घरी जावं."

घरी कुणी गेलं नाही. राजाला तोंड दाखवायचं होतं सगळ्यांना. दरबारी कवीनं नाक मुरडत मांजर उचललं. म्हातारीचा कवी आलेला नव्हता, म्हणून तिच्या एका हातात चित्र आणि एका हातात कविता होती.

राजा आला. असलं प्रदर्शन त्यानं कधी बघितलं नव्हतं. तो प्रत्येकापाशी थांबत थांबत म्हातारीपर्यंत पोचला.

"आजी, हे चित्र खालून का कापलंय?"

"तिला विचारा," म्हातारी म्हणाली आणि तिनं कारभारणीकडे बोट दाखवलं.

सगळ्यांच्या माना वळल्या. शेठची मानही वळली. उंदरानं कुरतडलं म्हणाली असती, तरी राजानं मानलं असतं. तिच्यावर काहीच आलं नसतं, शेठनी चौकटीही परत दिल्या असत्या.

"महाराज, आधी मी कविता कापली," कारभारीण म्हणाली. "शेठजींनी सांगितलं म्हणून. जागा नाही, असं मी कवीला खोटंच सांगितलं. मग आजींनी आपलं चित्र कापून त्याला जागा दिली. काय कापलं होतं, ते ऐका." आणि तिनं आठही ओळी खणखणीत आवाजात वाचल्या.

शेठ खाकरले. "कविकल्पना आहे, महाराज. कवी काय, काहीही लिहितात."

"मग चला," राजा म्हणाला, "कल्पना बघून येऊ."

सगळे तळ्याला वळसा घालून पलीकडे गेले. कुंपण होतं. कुंपणाबाहेर रित्या घागरी होत्या. राजाच्या तोंडून 'वा' निघालं नाही. त्यानं तिथल्या तिथं कुंपण काढायला लावलं आणि ते शेठच्याच गड्यांना काढावं लागलं. लोकांनी राजाचा जयजयकार केला. करोत बापडे! इतकी वर्षं गच्चीत उभा होता, तेव्हा हा राजा काय बघत होता, ते कुणी विचारलं नाही. दरबारी कवी मात्र येताजाता सांगू लागला, की कुंपणावर लिहायचं त्याच्याही मनात होतं.

कवी तिथंच, आपल्या आईजवळ उभा होता. तो कारभारणीला म्हणाला, "बाई, तुम्ही ती वाचलीत म्हणे. पण तुम्ही ती कापलीही होती. ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," ती म्हणाली. "मीही नाही विसरणार."

राजानं म्हातारीला बोलावलं. "आजी, उत्तम कापड देतो, हवे ते रंग देतो. हे चित्र पुन्हा पूर्ण करून द्या."

म्हातारीनं चित्राची गुंडाळी काखेत मारली.

"पूर्णच आहे, महाराज. चार बोटं मोठं होतं, तेव्हा अपुरं होतं."

तात्पर्य एवढंच: कुणी 'जागा नाही' म्हणालं, तर आधी बघावं की जागा कुणाला मिळाली आहे, आणि सोबत्याला जागा करून द्यायची, तर ती आपल्या वाट्यातून द्यावी, त्याचं बोलणं कापून नव्हे.