मथूचे विसावे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला ठाऊक नाही. आपल्या कुसळवाडीच्या डोंगरावर तेव्हा रस्ता नव्हता, गुरांच्या खुरांनी पडलेली पायवाट होती. त्या वाटेला आज तीन मोठे धोंडे दिसतात ना, ते तेव्हा नुसते धोंडेच होते. त्यांना नाव कसं पडलं ते सांगते. मधे मधे बोलू नका. खोकला आला तर मात्र खुशाल खोका, या गोष्टीत खोकायला मुभा आहे.

गावचा गुराखी होता रामा. सगळ्या गावाची गुरं सकाळी डोंगरावर न्यायची आणि दिवेलागणीला परत आणायची, हे त्याचं काम. त्याची एकुलती एक लेक मथू. मथूला लहानपणापासून दमा. आभाळ भरून आलं की हिची छाती वाजायला लागायची. लांबून ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणी पोर जत्रेतली पिपाणी फुंकतंय. अडुळशाचा काढा झाला, रुईच्या पानांनी शेकून झालं, देवऋष्याचा गंडा बांधून झाला. जरा आराम पडायचा, पण दमा काही गेला नाही. तो गोष्टीच्या शेवटीही जाणार नाही, आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर उगीच वाट बघत बसाल.

आणि या मथूला वेड कशाचं, तर गुरांचं! गोठ्यातल्या धुळीनं धाप लागायची, तरी ही आपली गोठ्यातच. आई म्हणायची, पोरी, सावलीला बस, वाकळ शिव. मथू म्हणायची, मी आबासारखी गुरं राखणार. गाव पोट धरून हसायचं. वेशीपर्यंत जाताना जी दोनदा खाली बसते, ती डोंगरावर जाणार! ही गुरं राखणार, का गुरं हिला राखणार?

तर झालं असं, की रामाचा पाय मोडला. ऐन सुगीचे दिवस, दुसरं माणूस मिळेना, म्हणून नाइलाजानं गुराख्याची काठी मथूच्या हातात आली. काठी म्हणजे गावाचा भरवसा. ती हातात आली त्या दिवशी मथू इतकी हरखली, की जेवायचीसुद्धा विसरली.

तिला पळता येत नव्हतं, म्हणून ती पळालीच नाही. पहिला चढ चढली, धाप लागली, धोंड्यावर बसली. कनवटीचे मिठाचे खडे काढून धोंड्यावर ठेवले. गुरं मीठ चाटत उभी राहिली, तोवर हिनं श्वास जमवला. पुढचा चढ, पुढचा धोंडा, परत तेच. थोड्याच दिवसांत गुरांच्या डोक्यात पक्कं बसलं, की जिथं ही छाती वाजते तिथं मीठ असतं आणि जिवाला निवांतपणा असतो. मग हाक मारायचं कामच उरलं नाही. मथू बसली की गुरं आपली तिच्याभोवती गोळा व्हायची. थांबत थांबत, चरत चरत फिरायची. त्या वर्षी दूध असं वाढलं, की गावात चरव्या पुरेनात.

श्वास अडला म्हणजे काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? वासरू जन्मताच निपचित पडलं की लोक मथूला बोलवायचे. ती त्याचं नाक पुसायची, नाकात गवताची काडी फिरवायची, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणायची, घे रं बाळा, सावकाश घे. अन् वासरू श्वास घ्यायचं. गार पडलेलं वासरूसुद्धा शिंकून उठायचं, असं म्हणतात. म्हणणारे म्हणतात, आपण ऐकावं.

पण एका हिवाळ्यात दम्यानं तिला असं धरलं, की अंथरुणातून उठवेना. गुरं दावणीला हंबरायला लागली. रामाचा पाय तर अधूच राहिलेला, मग चावडीवर गाव बसलं आणि हैबती पाटलांनी काठी दिली खंडूला. हा खंडू सशाला मागं टाकील असा पळायचा. माणूस वाईट नव्हता हो, नुसता घाईचा होता. मथूला कळलं तेव्हा ती रडली. दम्यानं तिला कधी रडवलं नव्हतं. तिला काठी परत हवी होती, आणि बरी झाल्यावरही ती कुणी देईना. पाटील म्हणाले, पोरी, तुझी छाती आज आहे, उद्या नाही. गावानं गुरं कुणाच्या जिवावर सोडायची?

खंडू आरोळ्या ठोकत गुरं हाणायचा. धोंडे आले की गुरं सवयीनं थांबायची. त्याला वाटायचं, अडेल आहेत. मग काठी पाठीत. हळूहळू गुरं त्याच्या आवाजाला भ्यायला लागली. तो हाक मारायचा, गुरं उलट्या दिशेला पळायची. दूध आटलं. तरी गाव म्हणे, पोरगा चपळ आहे, शिकेल.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात डोंगर पेटला. कुसळी गवत वाळून खडखडीत झालेलं, त्यात वारा सुटलेला, आणि गावाची यच्चयावत गुरं वर! खंडू ओरडत धावला, गावकरी डबे बडवत धावले. झालं काय, की गुरं माणसांना भिऊन आणखी वर, जाळाच्याच दिशेला पळाली. धुरात शेपूटसुद्धा दिसेना. खंडू डोक्याला हात लावून वाटेतच बसला.

मथू उठली. आई दारात आडवी आली. म्हणाली, धूर तुझा वैरी आहे, जाऊ नको.

मथू म्हणाली, "आये, धाप मला घरात बसूनबी लागतीच. मग तिथं लागू दे."

ती निघाली, पण आपल्याच चालीनं. पहिल्या धोंड्यावर बसली. लोक म्हणाले, अगं, वर जाळ आहे आणि तू बसतेस काय? श्वास जमला तशी ती उठली. दुसऱ्या धोंड्यावर बसली. लोकांचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्या धोंड्यावर पोचली तेव्हा चेहरा काळानिळा झालेला. तिनं ओला पदर नाकाला बांधला, बोट ओठांवर ठेवून सगळ्यांना गप्प केलं, आणि मिठाचे खडे मांडून ती नुसती श्वास घेत राहिली.

छाती वाजायला लागली. असं म्हणतात, की तो आवाज पलीकडच्या खोऱ्यातही ऐकू गेला. आणि धुरातून आधी एक शिंग दिसलं. मग पाटलांची म्हातारी गाय गुंजी आली, तिच्यामागं सगळी गुरं, ओळीनं, चालत. एकही पळत नव्हतं. त्यांच्यामागं ससे आले, भेकर आलं, आणि सगळ्यांत शेवटी बिबट्या आला, म्हणतात. त्यानं कुणाकडं मान वर करून बघितलं नाही. लाजला असेल.

उतरतानाही मथू प्रत्येक धोंड्यावर बसली. ती बसली की गुरं थांबायची, गाव थांबायचं, बिबट्या थांबायचा, आणि मागचा वणवासुद्धा थांबायचा, असं म्हणतात. माझी सासू म्हणायची, वारा पडला होता, दुसरं काही नाही. पण सासूला गोष्ट सांगताच यायची नाही.

वेशीत खंडूनं काठी मथूच्या पायाशी ठेवली. पाटील मान खाली घालून उभे होते. मथूनं काठी उचलली, छातीशी धरली, आणि श्वास जमल्यावर खंडूला म्हणाली, "उद्यापासनं संगं यायचं. पळायचं काम तू कर, थांबायचं मी करते."

पुढं दोघांनी मिळून गुरं राखली. दमा होताच. कधी चार-चार दिवस ती निजून असायची, तेव्हा खंडू धोंड्यांवर मीठ ठेवून यायचा, आणि उठली की काठी तिचीच. अशी जगली, की ज्यांनी ही पोर टिकायची नाही म्हणून सांगितलं होतं, त्या सगळ्यांच्या तेराव्याला जेवून आली.

आता बेंदराचं, म्हणजे बैलांच्या सणाचं सांगते. गावोगाव बेंदराला वेशीत पिंपळाच्या पानांचा दोर बांधतात, त्याला कर म्हणतात, आणि बैल पळवत आणून ती तोडतात. आपल्याकडं बैल पळवत नाहीत. डोंगरावरून मिरवणूक चालत येते. प्रत्येक धोंड्याशी, म्हणजे मथूच्या विसाव्याशी, मीठ ठेवतात, हलगी बंद होते, आणि गावातलं सगळ्यांत मागं राहिलेलं माणूस येईपर्यंत कुणी पाऊल उचलत नाही. चल लवकर, असं म्हणायचं नाही. कर त्या मागच्या माणसाच्या हातानं तुटते.

गेल्या बेंदराला गुरांच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आभाळ भरलेलं. उतरताना बाई मागं राहिल्या. पाठ फिरवून त्यांनी पर्समधला दम्याचा पंप ओढला, लपवून ठेवला, आणि हातानं खुणावलं, तुम्ही व्हा पुढं. कुणी हललं नाही. हलगी थांबली, बैल थांबले. बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या, त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. बाईंना गोष्ट कुठं माहीत होती?

तेव्हा खंडूच्या वंशातला नामा, पळण्यात अजून पहिला येणारा, धोंड्यावरची जागा खांद्यावरच्या उपरण्यानं पुसून म्हणाला, "बसा बाई, दम खावा. कर तुमच्या हातची हाय यंदा."

बाई बसल्या. छाती वाजत होती. आताच्या पाटलांची गाय आली आणि त्यांच्या शेजारी मीठ चाटत उभी राहिली.