टोपली कोण झटकणार?

एका अरण्यात एक अफाट तलाव होता आणि तलावाच्या मधोमध एक हिरवेगार बेट. उन्हाळ्यात काठावरचे गवत करपले, की करकोचे वेताच्या टोपल्या चोचीत धरून लहान प्राण्यांना त्या बेटावर पोचवत असत. एके दिवशी अशीच एक टोपली आकाशात असताना तिच्या तळाच्या पाचोळ्यातून एक घोणस फुत्कारत वर आली. टोपलीत एक सशीण, तिची दोन पिल्ले आणि एक म्हातारी खार होती. करकोच्याने प्रसंगावधान राखून टोपली पाण्यातल्या एका खडकावर टेकवली, म्हणून सर्वांना बाहेर उड्या टाकता आल्या. खार पाण्यात पडली, पण कमळाच्या देठाला धरून कशीबशी वाचली. घोणस मात्र सळसळत पाण्यातून काठाकडे निसटली.

अरण्यात एकच हलकल्लोळ माजला. आता काहीतरी केलेले दिसायला हवे, म्हणून सिंहाने दवंडी पिटवली : "यापुढे प्रत्येक प्रवाशाचे कान उलगडून आणि शेपटी उचलून तपासणी होईल. साळिंदरांच्या काट्यांत काहीही लपू शकते, म्हणून त्यांना तर प्रवासच बंद!" टोपल्या जिथून उडत त्या घाटावर माकडांचा पहारा बसला. रांगा लांबल्या. साळिंदरे बिचारी उपाशीपोटी काठावर बसून राहिली. कोल्हा प्रधान मात्र सांगत फिरला, "पाहा, महाराजांनी केवढा कडक बंदोबस्त केला!"

पुढे काठावर गवताची काडीही उरली नाही, तेव्हा सशीण पिल्लांना घेऊन पुन्हा घाटावर आली. माकडाने तिघांचे कान उलगडले, शेपट्या उचलल्या आणि म्हटले, "बसा."

सशीण जागची हलली नाही. "आधी टोपली झटका."

"तसा हुकूम नाही," माकड म्हणाले.

"मग मी माझी पिल्ले हिच्यात ठेवणार नाही."

कोल्हा पुढे आला. "महाराज तुमच्यासाठी एवढे करताहेत, आणि तुम्हाला नावे ठेवायला सुचते?"

"प्रधानजी, घोणस माझ्या कानातून आली नव्हती. टोपल्या रात्रभर काठावरच्या बांबूच्या दाट जाळीत उघड्या पडलेल्या असतात. तिकडे कुणी फिरकले का?"

त्याच वेळी सिंह पाहणीसाठी घाटावर आला होता. त्याने हे ऐकले आणि तो गुरगुरला. रांगेतले प्राणी मागे सरले. सशीण मात्र पिल्लांपुढून बाजूला झाली नाही. सिंहाने तिच्याकडे पाहिले, मग टोपलीकडे पाहिले. "झटका ती," तो म्हणाला.

करकोच्याने टोपली उपडी केली. पाचोळा खाली पडला आणि त्यासोबत धप्पकन ती घोणसही! सगळे किंचाळत पांगले. करकोच्यांनी तिला चोचींनी टोचत पार टेकडीपलीकडे हाकलून दिले.

सिंहाची मान खाली गेली. "मी तुमचे कान तपासत बसलो, आणि टोपली तपासायची राहून गेली," तो म्हणाला. त्याच दिवशी टोपल्या बांबूच्या जाळीतून हलवून उघड्या कातळावर ठेवल्या गेल्या. प्रत्येक फेरीआधी त्या झटकायच्या असे ठरले, आणि साळिंदरांवरची बंदीही उठली.

टोपली आकाशात चढली. बराच वेळ सशीण तळाकडेच टक लावून पाहत होती. मग खालून गार वारा आला, तिने सुटकेचा निःश्वास सोडला आणि अंग सैल केले. बेट दिसू लागले तेव्हा दोन्ही पिल्ले तिच्या कुशीत गाढ झोपली होती.

तात्पर्य : संकट ज्या वाटेने आले ती वाट आधी बुजवावी. बंदोबस्ताचा नुसता देखावा कुणाला वाचवत नाही, आणि उणीव दाखवणारा राजाचा वैरी नसतो.