अकरावं नाव

"...मग नियम पाळून कोण जिंकलंय, वस्ताद? एक टीम दाखवा. एकच."

दस्तगीर वस्ताद मैदानावर फक्कीनं पांढऱ्या रेषा मारत होते. एका हातात डबा, दुसऱ्या हातात सुतळी. ऐंशी उलटलेला माणूस, पण रेष अशी की वाण्यानं पुडीला बांधलेला दोरा.

विचारणारा संग्राम इंगवले. आमच्या गावच्या कॉलेजात खेळाचा मास्तर. बारा वर्षांचा होता तेव्हापासून वस्तादांच्या हाताखाली फुटबॉल शिकला. दोन वर्षं लागोपाठ कॉलेजांचा कप त्यानं आणला होता. आज चार वाजता तिसरी फायनल.

मी फक्कीचं पोतं द्यायला आलो होतो. खेळाच्या सामानाचं दुकान म्हटलं की मैदानावर पायधूळ झाडावीच लागते. चहा आला, म्हणून टेकलो.

वस्तादांनी सुतळी पुढं सरकवली.

"खरं सांगू?" संग्राम म्हणाला. "मला दुसरंच विचारायचंय. तुमच्या खोलीत आमचे दोन फोटो हायत. त्यांच्याखाली नावं का नाहीत?"

हे मलाही ठाऊक होतं. मैदानाच्या कडेला वस्तादांची पत्र्याची खोली. आत भिंतभर जिंकलेल्या टीमांचे फोटो. हरलेल्याचा एकही नाही. प्रत्येक फोटोखाली कागदाची पट्टी, तिच्यावर वस्तादांच्या हातची अकरा नावं. संग्रामच्या दोन्ही फोटोंखाली पट्ट्या होत्या. कोऱ्या.

"लिवायला बसलो हुतो," वस्ताद म्हणाले.

"मग?"

वस्तादांनी डबा हलवून फक्की सारखी केली.

संग्रामनं माझ्याकडं बघितलं. "शेटजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. आज समोरच्या टीममध्येसुद्धा दोघं तसलेच हायत. सगळेच करतात. मी एकट्यानं सोवळं नेसून काय करू?"

तसले म्हणजे कसले, ते सांगतो. कॉलेजात शिकणारा पोरगा एक, आणि त्याच्या नावावर मैदानात उतरणारा गडी दुसरा. ओळखपत्रावर नाव पोराचं, फोटो गड्याचा. संग्रामच्या टीममध्ये असा एक होता. कुलदीप शेलार, बेळगावकडचा, वय सत्तावीस, पाय म्हणजे वीज. कागदावर तो निखिल बिरांजे, बी. कॉम. दुसरं वर्ष. खरा निखिल वर्षभर टीमबरोबर सराव करायचा आणि मॅचच्या दिवशी घरी बसायचा. त्याचं नाव मैदानात पळत असताना त्यानं तिथं दिसून कसं चालेल?

मी म्हणालो, "संग्राम, माझ्या चुलत्यांचं किराणा दुकान होतं. काटा असा बनवलेला, की शेराला छटाक जास्तच दाखवायचा. तीस वर्षं गिऱ्हाइकाला पत्ता लागला नाही. मग त्यांना नातू झाला. हौसेनं दुकानात आणला, काट्यात ठेवला. अख्खी पेठ बघायला जमली. आणि म्हातारा काटा बघतच राहिला... नातू किती वजनाचा, हे त्या घरात त्यालाच तेवढं कळलं नाही."

संग्राम हसला. "दुकान तरी चुलत्यांचं स्वतःचं होतं, शेटजी. मी करारावर. तिसरा कप आला तर कायम करतो, असं प्राचार्यांनी चारचौघांत सांगितलंय. बायको सातव्या महिन्यात हाय. बोला आता."

मी चहा पिऊन टाकला.

वस्ताद मात्र थांबले. डबा खाली ठेवून कमरेवर हात दिला.

"सातवा?"

"होय, वस्ताद."

"जप तिला."

आणि पुन्हा फक्की.

नऊ वाजता टीम आली.

आमच्या गावात एक रीत आहे. फायनलच्या सकाळी टीमनं वस्तादांकडं यायचं. वस्ताद एकेकाचं नाव पुकारतात आणि चेंडू त्याच्या हातात देतात. त्यानं तो कपाळाला लावून परत द्यायचा. अकरा नावं झाली की चेंडू टीमचा. त्याशिवाय फायनलला कुणी उतरत नाही. देवाला न मानणारेसुद्धा इथं चप्पल काढून उभे राहतात.

संग्रामनं यादी दिली. वस्तादांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचली, घडी घातली आणि खोलीत गेले. जरा वेळ लागला. आले तेव्हा हातात चेंडू होता, यादी नव्हती.

"सर्फराज पटवेगार."

सर्फराज पुढं आला. चेंडू कपाळाला, परत.

"ओम जांभळे."

असं एकेक. एरवी एकमेकांच्या टपलीत मारणारी ही पोरांची जात, पण इथं शाळेत पहिल्या दिवशी उभी राहावी तशी.

दहा झाले.

"निखिल बिरांजे."

कुलदीप पुढं आला. दोन्ही हात पसरले.

वस्तादांनी चेंडू दिला नाही... दिला नाही म्हणजे अडवलाही नाही. नुसता धरून राहिले आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. रागानं नव्हे. ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि नाव आठवू नये, तसं.

"निखिल बिरांजे," पुन्हा म्हणाले. मऊ आवाजात.

कुलदीपचे हात तसेच.

मग हळूहळू खाली आले.

"वस्ताद..." कुलदीप म्हणाला. "एक मागू?"

"माग."

"माझं नाव घ्या की एकदा."

"कुलदीप, गप!" संग्राम म्हणाला.

कुलदीप गप्प बसला नाही. "सेमीफायनलला चार गोल मारले, वस्ताद. पेपरात आलं. कात्रण घेऊन घरी गेलो. आबांना वाचून दाखवलं. आबा म्हणाले, ह्यो बिरांजे लई चांगला खेळतो. तू कवा खेळणार असा?"

कुणी हसलं नाही. ओम जांभळे हसायला लागला होता, तोही थांबला.

"नाव सांग," वस्ताद म्हणाले.

"कुलदीप मारुती शेलार."

"कुलदीप मारुती शेलार!" वस्तादांनी असं पुकारलं की पलीकडच्या रस्त्यावरचा दूधवाला वळून बघायला लागला. आणि चेंडू दिला.

कुलदीपनं तो कपाळाला लावला. बराच वेळ. मग परत देऊन तो रांगेत गेला नाही. बाजूला जाऊन गोलच्या खांबाला टेकून बसला आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागला.

"अरे, काय करतोयस?" संग्राम धावला. "कुलदीप! भावा, चार वाजता मॅच हाय!"

"मी बेळगावात खेळीन, सर. तिथं मला हाक मारतात."

संग्राम वस्तादांकडं वळला.

"वस्ताद, एक नाव राहिलंय. नुसतं नाव. तेवढं घ्या आणि चेंडू द्या, त्याला मी समजावतो."

"घेतलं की दोनदा."

"मग?"

"कोन आलं न्हाई."

संग्राम पार मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. ताज्या रेषेवर पाय पडणार, तेवढ्यात आपोआप उचलला. लहानपणीची शिकवण, ती पायातच राहते. तिथं तो उभा राहिला. मला वाटलं, आता हा चेंडू न घेताच टीम घेऊन जातो. कुलदीपला गळ घालायला अजून सहा तास होते, आणि पोरगा मनानं मऊ होता. संग्रामलाही ते माहीत होतं.

त्यानं मोबाइल काढला.

"निखिल? ...इंगवले सर बोलतोय. कुठं हायस? ...अरे, आंघोळ केली नसशील तर राहू दे. बूट आणि तुझं खरं ओळखपत्र घेऊन ये. ...वस्तादांकडं. ...नाही रे, बघायला नाही."

पोरगा वीस मिनिटांत सायकलवर आला. धापा टाकत. बुटाला मागच्या सरावाचा चिखल तसाच.

"निखिल बिरांजे."

त्याला कळेना, कुणाला बोलावतायत. सर्फराजनं ढोसलं, "तुलाच की रं!"

चेंडू हातात आला आणि निसटला. पुन्हा घेतला. कपाळाला लावला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

मॅच मी बघितली. दुकान बंद ठेवून. माइकवर नावं पुकारली तेव्हा, "निखिल बिरांजे," आणि प्रेक्षकांतून ओरडा झाला, "चार गोलवाला!" पोरगं जिथं होतं तिथं आणखी बारीक झालं.

समोरच्या दोन गड्यांनी पहिल्या अर्ध्यातच एक गोल मारला. निखिलच्याच बाजूनं. लोक म्हणाले, ह्याला आज काय झालंय? बिरांजे झोपलाय काय? गोलमागच्या गर्दीत एकच माणूस घसा फोडून ओरडत होता, "निखिल, त्याला आतल्या बाजूनं घे! घाबरू नको, आतल्या बाजूनं!" तो कुलदीप होता.

दुसऱ्या अर्ध्यात निखिलनं समोरचा गडी आतल्या बाजूनं घेतला. पडला, उठला, पुन्हा घेतला. शेवटची दहा मिनिटं त्याच्या बाजूनं एक माणूस पुढं गेला नाही. सर्फराजचा एक फटका दांड्याला लागून परत आला. अख्खं मैदान उभं राहिलं.

तेवढंच. एक-शून्य. कप समोरच्यांनी नेला.

प्राचार्य गाडीत बसताना संग्रामशी दोन वाक्यं बोलले. काय, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

सूर्य कलला तेव्हा तो वस्तादांच्या खोलीपाशी आला. मी रिकामं पोतं न्यायच्या निमित्तानं तिथंच होतो. वस्ताद दारात बसून सुतळी गुंडाळत होते.

"हरलो, वस्ताद."

"कोन कोन हुतं?"

संग्राम बोलायला लागला. "सर्फराज पटवेगार. ओम जांभळे..." एकेक नाव घेत गेला. कुठं अडखळला नाही, कुठं आवाज खाली आला नाही. अकरावं नाव घेतलं आणि थांबला. आणि गंमत बघा, सकाळपासून पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले.

"निखिल विचारतोय," तो म्हणाला, "उद्या सराव किती वाजता."

"तू काय सांगितलंस?"

"सहा."

वस्तादांनी मान हलवली. सुतळीचं शेवटचं टोक आत खोचलं.

"वस्ताद... आता मी काय करू?"

वस्ताद उठले. आत जाऊन कागदाची एक पट्टी घेऊन आले. तिच्यावर अकरा नावं होती. शाई कधीच वाळलेली, सकाळची.

"फोटो आन," ते म्हणाले. "खिळा मारून ठेवलाय."